आपल्या पोळीवर लेख कसा लिहावा

बडोद्याच्या मराठी माणसाला शहरावर लिहायला बसवलं की पहिल्या परिच्छेदात सयाजीराव महाराज येतात. दुसऱ्यात लक्ष्मीविलास राजवाडा, तिसऱ्यात कमाटीबाग, चौथ्यात 'संस्कारनगरी' हा शब्द, आणि मग जागा संपते. मी स्वतः असे तीन लेख लिहिले आहेत. तिन्ही छापून आले. त्यांतलं एक वाक्यही आज कुणाला आठवत नाही, मलाही नाही.

सयाजीरावांबद्दल आदर आहेच, आणि ते 1875 साली गादीवर आले नसते तर या शहरात आपण मराठीत लिहीत बसलो असतो की नाही कोण जाणे. पण आमच्या पोळीतली काकी, एकाच दरवाजाआडच्या त्या जुन्या गल्लीत रोज दुपारी घरापुढच्या ओटल्यावर मेथी निवडणारी, त्या तिन्ही लेखांत नव्हती. स्कूटर कुठे लावायची यावरून दोन घरांत सहा महिने चाललेला अबोला नव्हता. शहर म्हणजे बरंचसं हेच.

गेली काही वर्षं रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण जमतो, कुठेतरी जाऊन बसतो, लिहितो, एकमेकांना वाचून दाखवतो. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी शिक्षिका, एक मुलगा अजून कॉलेजात. त्यातून जे हाताला लागलं ते इथे क्रमाने मांडते. लागणारं साहित्य: एक वही, एक पेन आणि दोन महिने. दोन महिन्यांत एकच लेख होईल. तेवढा पुरे.

जागा एका बैठकीत दिसेल एवढीच

पहिल्याच दिवशी लोक येऊन सांगतात, 'मला सिटीवर लिहायचंय.' सिटी म्हणजे आपल्याकडे चार दरवाजांच्या आतलं जुनं शहर. पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट आणि मधोमध मांडवी. या चौकोनात किती पोळी, किती खडक्या, किती देवळं! त्यावर लिहायला घेतलं की माणूस यादी करू लागतो आणि यादी कुणी वाचत नाही.

म्हणून पहिला नियम: तुम्ही जिथे बसाल तिथून जागेची दोन्ही टोकं दिसली पाहिजेत. एक ओटला आणि त्याच्यासमोरचा चोक. खंडेराव मार्केटमधला फुलांचा कोपरा. सूरसागर तलावाच्या पाळीचा वीस-पंचवीस पावलांचा तुकडा. रावपुरा टॉवरखालची रिक्षांची जागा. नव्या भागात राहत असाल तर मात्र लिहिण्यासाठी पोळ शोधत सिटीत येऊ नका. गोत्रीच्या सोसायटीच्या फाटकाजवळ दिवंगत वडिलांचं नाव रंगवलेला सिमेंटचा बाक असतो ना, त्याच्यावर अजून कुणी लिहिलेलं नाही. त्यावर लिहा.

दुसरं, तिथे जायला तुम्हाला काहीतरी काम असावं. दूध, बस, नातवाचा तबल्याचा क्लास, काहीही. काम नसताना वही घेऊन उभं राहिलात की लोकांना वाटतं सर्व्हेवाले आले, आणि मग ते तुम्हाला घरातली माणसं किती हे सांगायला लागतात.

तिसरी कसोटी मला फार उशिरा कळली, पण आता मी तिच्यावरच जागा ठरवते. जिथे जागेवरून कुरबुर आहे ती जागा घ्या. चोकात गरबा की पार्किंग? ओटला बसायला की दुकानाचं खोकं ठेवायला? दुकानाच्या तोंडाशी लारी उभी राहावी की नाही? सगळे गुण्यागोविंदाने राहतात अशी जागा निवडलीत तर दोनशे शब्दांत लेख संपतो. कुरबुरीच्या जागेत प्रत्येकाला काहीतरी हवं असतं, आणि कुणाला काय हवंय हे कळलं की माणसं आपोआप दिसू लागतात.

पाच फेऱ्या

एका जागेवर पाच वेळा जायचं, दर वेळी चाळीस मिनिटं. पहाटे सहा-साडेसहा, दुपारी दोन-अडीच, संध्याकाळी सात, रात्री दहानंतर, आणि पाचवी फेरी सणाच्या किंवा पावसाच्या दिवशी. पहिल्या फेरीत वही पिशवीतून काढायचीसुद्धा नाही.

यातली दुपारची फेरी जवळजवळ सगळे चुकवतात, ऊन असतं म्हणून. माझं मत विचाराल तर एकच फेरी करायची असेल तर दुपारचीच करा. आमच्या पोळीत दोन ते चार पुरुष दुकानांत-कचेऱ्यांत, मुलं शाळेत. ओटल्यावर बायका. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी नुसतीच पाय सोडून बसली आहे, एकीने केस मोकळे सोडलेत. त्या दोन तासांत पोळ हा रस्ता नसतो, घरातली आणखी एक खोली असते. संध्याकाळी सातला तोच ओटला बघा. तीन स्कूटर, चार पुरुष, क्रिकेटचा स्कोअर, आणि बायका दाराच्या आत. ओटला तोच, मालक बदललेले. हे मला चाळीस वर्षं त्या पोळीत येऊन-जाऊन कळलं नव्हतं, वही घेऊन दुपारी बसल्यावर कळलं.

सणाची फेरी शेवटीच ठेवा. डांडिया बाजारातले गणपती, देवउठी एकादशीला मांडवीतून मिरवत निघणारा विठ्ठलाचा वरघोडा, देवदिवाळीला नरसिंहजींचा वरघोडा, हे सगळं देखणं आहे आणि म्हणूनच फसवं आहे. सणाच्या दिवशी गेलात की नजर देखाव्यावर जाते. आधी चार साध्या फेऱ्या झालेल्या असल्या की मग सणात काय हललं ते कळतं. रोज बंद असणारं कुठलं दार आज उघडं आहे? कुणाच्या ओटल्यावर पाहुण्यांना बसवलंय? वर्षभर न बोलणारी दोन घरं प्रसादाची ताटं कुणाच्या हाती पाठवतात?

उत्तरायण याला अपवाद. 14 आणि 15 जानेवारीला सगळं शहर अगाशीवर चढलेलं असतं. त्या दिवशी खाली पोळीत वही घेऊन बसलात तर कुत्री आणि तुटलेला मांजा दिसेल. एरवी जी घरं भिंतीला भिंत लावून पाठमोरी असतात ती त्या दोन दिवसांत गच्चीवरून समोरासमोर येतात. वर जा आणि बघा कोण कुणाला उंधियू पोचवतंय.

वहीत काय उतरवायचं

प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख, वार, वेळ, हवा आणि तुम्ही नेमके कुठे बसला आहात ते. हे कंटाळवाणं वाटतं. सहा आठवड्यांनी लिहायला बसाल तेव्हा याच ओळीवर सगळं उभं राहील.

डाव्या पानावर फक्त डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं. उजव्या पानावर तुमच्या शंका, अंदाज, आठवणी. दोन्ही कालवू नका. 'म्हातारा एकटा बसलाय' हे डावीकडे. 'त्याला मुलं विचारत नसावीत' हे उजवीकडे, आणि बहुधा चुकीचं. आमच्यातल्या एकीने सूरसागरच्या पाळीवरच्या एका आजोबांवर अशी दोन पानं करुण लिहिली होती. पुढच्या रविवारी कळलं की घरात टीव्हीवर मालिका लागतात तेवढा वेळ ते बाहेर येतात, आणि फार खुशीत येतात.

मोजा. वीस मिनिटांत किती जण बसले, किती जण उभेच राहिले, किती जण न थांबता गेले. गल्लीची रुंदी हात पसरून बघा, ओटल्याची उंची गुडघ्याशी लावा. पाट्या अक्षरशः उतरवा, चुकांसकट. 'अही वाहन पार्क करवुं नहि' याच्या खाली कुणी खडूने काय लिहिलंय तेही. भाव लिहा. वास लिहा, पण 'सुवास' किंवा 'दुर्गंधी' नको. तळणाचा, ओल्या पोत्याचा, फिनेलचा, जे असेल ते.

आमच्या गटात काही शब्दांना बंदी आहे: गजबजलेला, टुमदार, ऐतिहासिक, वर्दळ, लगबग. शब्द वाईट नाहीत, पण ते लिहिले की माणूस बघायचं थांबवतो. फोटोंनाही मर्यादा हवी. एका फेरीत तीन, आणि तेही पाट्यांचे. फोन वर केला की समोरची माणसं पोज देतात किंवा उठून जातात.

त्याच रात्री झोपण्याआधी दहा ओळी स्वच्छ लिहून काढा. दुसऱ्या दिवशी तुमचं अक्षर तुम्हालाच लागणार नाही.

शब्द जसे ऐकले तसे

पुण्याच्या मावशीला मी एकदा फोनवर म्हटलं, 'आमच्या पोळीत सकाळपासून पाणी नाही.' मावशी म्हणाली, 'मग कणीक कशाने भिजवलीस?'

बडोद्यात मराठी लिहिताना ही अडचण दर ओळीला येते. पोळ, खडकी, ओटला, चोक, लारी, पानाचा गल्ला, शटल रिक्षा, अगाशी, हिंचका. यातल्या प्रत्येकाला पुणेरी पर्याय आहे, आणि तो घातला की जागा बदलते. हातगाडी लिहिलंत की वाचक मंडईत जातो. लारी लिहिलंत की तो इथे राहतो. म्हणून शब्द इथलाच ठेवा आणि अर्थ वापरातून कळू द्या. 'पोळीचा दरवाजा रात्री लावला की आतल्या बावीस घरांना एकच कडी' एवढं लिहिलं की पोळ म्हणजे काय ते नागपूरकरालाही समजतं. तळटीप नको, कंसातला अर्थ तर नकोच.

गुजराती संवाद देवनागरीत तसेच लिहा. 'बेन, आजे ओछुं लाव्यो छुं' याचं भाषांतर करायची गरज नाही. आणि आपली स्वतःची मराठी? 'ये ने', 'बस ने जरा' हा जो 'ने' आपल्या जिभेवर बसलाय, तो कागदावर येताना आपण पुसून टाकतो, जणू पाहुणे यायचेत. पुसू नका. मात्र एक पथ्य पाळा: भाजीवालीचं बोलणं जसंच्या तसं आणि प्राध्यापकाचं शुद्ध करून, असं करायचं नाही. प्राध्यापकही 'चालेल ने' म्हणतात. मी ऐकलंय.

ठिकाणांची नावंही लोक घेतात तीच. कागदावर सयाजीबाग, तोंडात कमाटीबाग. दोन्ही माहीत असावीत, लेखात तोंडातलं यावं.

माणसांशी बोलताना

'पूर्वी इथलं वातावरण कसं होतं?' असं विचारलंत की उत्तर ठरलेलं आहे: 'फार छान होतं, सगळे एकत्र राहायचो.' यात खोटं काही नाही, पण वहीत उतरवण्यासारखंही काही नाही. हाताला लागेल असं विचारा. पोळीचा दरवाजा रात्री किती वाजता लावायचे, कडी कोण घालायचं, उशिरा आलेल्याने हाक कुणाला मारायची? पहिली स्कूटर कुणाची आली, आणि ती कुठे लावली? लग्नाचा मांडव चोकात पडायचा तेव्हा स्वयंपाक कुणाच्या घरात? हा ओटला धुतं कोण?

या शेवटच्या प्रश्नाने माझं फार काम केलं आहे. ओटला घराचा की रस्त्याचा, याचं उत्तर कागदपत्रांत काहीही असो, जो धुतो त्याचा तो असतो. काकीला विचारलं तेव्हा तिने मेथीची काडी मोडत समोरच्या शेजारणीकडे बघितलं आणि म्हणाली, 'आम्ही आळीपाळीने धुतो.' मी लिहून घेतलं.

आपण कोण, कशासाठी विचारतोय, हे आधी सांगायचं. आणि आता माझी एक चूक सांगते. एका चहाच्या लारीवर मी लेख लिहिला होता. लारीवाला किती वाजता येतो, कुठल्या कोपऱ्यावर उभा राहतो, आणि 'दबाण आलं' अशी आरोळी उठली की स्टोव्ह कुठल्या दुकानात सरकवतो, सगळं बारकाईने. आपल्याकडे अतिक्रमण हा शब्द कुणी वापरत नाही, दबाण म्हणतात, आणि त्याची गाडी आली की पूर्ण रस्ता पाच मिनिटांत रिकामा होतो. मला ते दृश्य आवडलं होतं म्हणून मी ते रंगवून लिहिलं. लेख छापून आल्यानंतरच्या आठवड्यात त्याची लारी उचलून नेली. माझ्यामुळे की नाही, मला कुणी सांगितलं नाही. नऊ दिवसांनी तो परत दिसला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, 'बेन, तमे लख्युं हतुं?'

तेव्हापासून: ज्याचं तिथे उभं राहणं कागदावर नाही त्याचं नाव, नेमका कोपरा आणि वेळ लिहायची नाही. एकट्या बाईचा दिनक्रम लिहायचा नाही. घर कधी बंद असतं ते लिहायचं नाही. मुलांची नावं बदलायची. लेखात काही कमी होत नाही. वाचकाला कोपरा नको असतो, स्टोव्ह सरकवणारे हात हवे असतात.

इतिहास, ऐकलेला आणि तपासलेला

प्रत्येक वाडा कुणा ना कुणा सरदाराचा असतो, असं शेजारचे काका सांगतात. मी एकदा तसंच लिहून टाकलं. महिन्याभराने त्या घरच्या सूनबाईंचा फोन: 'अहो, आमचे आजेसासरे कारकून होते, वाडा त्यांनी हप्त्याने घेतला.' खरी गोष्ट जास्त चांगली होती, आणि मी ती घालवली होती.

तपासायला तीन दारं आहेत. पहिलं सेंट्रल लायब्ररी. 1910 साली सयाजीरावांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्याकडून ही व्यवस्था उभी करून घेतली. वरच्या मजल्याचा उजेड खाली झिरपावा म्हणून पुस्तकांच्या दालनातली जमीन काचेची आहे. तिथे मराठी विभाग आहे. जुनं काही हवं असेल तर मोघम विचारू नका, कोणता रस्ता, साधारण कोणतं दशक, एवढं तरी ठरवून जा. दुसरं दार म्हणजे घरातली ट्रंक. जुनी वीजबिलं, घरपट्टी, आणि सर्वांत उपयोगी म्हणजे लग्नपत्रिका. पत्रिकेवरचा पत्ता खोटं बोलत नाही. आज विसरलेली खडकीची नावं, 'अमुक यांच्या वाड्यासमोर' अशा खुणा, सगळं तिथे छापलेलं मिळतं. तिसरं दार, एकमेकांशी बोलून न ठरवलेली दोन माणसं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा.

आणि इतिहास किती घालायचा? पानाला दोन वाक्यं, तीही डोळ्यांसमोरच्या वस्तूला टेकलेली. न्यायमंदिराचं उदाहरण घ्या. 1896 साली पुरी झालेली ही इमारत बाजारासाठी बांधायला घेतली होती, तिथे पुढे न्यायालय बसलं, हे बहुतेकांना माहीत असतं आणि बहुतेकांचा लेख इथेच थांबतो. 2018 साली न्यायालयं दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेली. मग बाहेर बसणारे टाइपिस्ट कुठे गेले? स्टॅम्पपेपरवाले? पक्षकारांच्या गर्दीवर चालणारा चहा? रिक्षावाला अजून 'न्यायमंदिर' म्हणूनच ओरडतो, तर त्यात उतरणारी माणसं आता कशासाठी उतरतात? तुमचा लेख इथून सुरू होतो. खंडेराव मार्केटचंही तसंच. 1906 सालची ती महालासारखी दर्शनी इमारत, आत महानगरपालिकेच्या कचेऱ्या, आणि पाठीमागे कोथिंबिरीच्या जुड्या. समोरून फोटो सगळे काढतात. मागून जा.

इथे कोण नाही?

पाच फेऱ्या झाल्या की वही चाळा आणि एकच प्रश्न विचारा: या पानांवर कोण आलेलंच नाही?

कमाटीबागेवर लिहिणारे फुलांचं घड्याळ, 1894 सालचं म्युझियम, छोटी आगगाडी इथे रमतात. 1879 साली बाग सर्वांसाठी खुली झाली, असं लिहितात. त्याच बागेत 1917 च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका झाडाखाली बसले होते. परदेशात शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. ज्या माणसाला बडोद्यात छप्पर मिळालं नाही त्याला बसायला बाग मिळाली. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. बाग 'सर्वांसाठी खुली' हे वाक्य लिहिताना मला आता दरवेळी थांबावं लागतं.

हा प्रश्न आजही वहीत धरा. बाकांवर बसलेल्या बायका मोजा, मग त्यांतल्या मूल, पिशवी, फोन यांपैकी काहीच हातात नसलेल्या मोजा. आम्ही एका संध्याकाळी मोजल्या तेव्हा एकच निघाली आणि ती आमच्याच गटातली होती. कुणाला बसण्यासाठी आधी चहा विकत घ्यावा लागतो? कुणाला बसल्यावर पाच मिनिटांत कुणीतरी 'शुं काम छे?' विचारतं? रात्री दहानंतर कोण उरतं?

विश्वामित्रीच्या काठावरची जागा घेतलीत तर पाण्याची खूण विचारा. काळा घोड्याच्या पुलाजवळ पातळी मोजतात, 26 फूट ही धोक्याची रेषा, हे पावसाळ्यात इथल्या पोरासोरांना पाठ असतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. पण लेखात फूट चालत नाहीत. घरातल्या माणसाला म्हणा, 'हात लावून दाखवा.' कुणी कमरेशी दाखवतो, कुणी फ्रिजच्या वरच्या दाराशी, कुणी देव्हाऱ्याच्या पायरीशी, आणि मग आपोआप सांगतो की त्या रात्री आधी काय उचललं. नदीतल्या मगरी येतीलच, प्रत्येकाच्या गोष्टीत असते एक. तुमच्या लेखात एकदाच येऊ द्या.

लिहायला बसल्यावर

पाच फेऱ्यांतली एक निवडा आणि तिच्यावर लेख टांगा. बाकीच्या चार तिच्यात आठवण म्हणून, तुलना म्हणून येतील. पाचही क्रमाने लिहिल्यात तर तो अहवाल होतो. आठशे ते हजार शब्द. सुरुवात मध्येच कुठूनही करा. पहिला परिच्छेद बहुतेक वेळा नंतर कापावाच लागतो, तो लेखकाचा घसा साफ करण्याचा असतो.

एक नमुना. आमच्यातल्या एकाने खंडेराव मार्केटच्या फुलांवर पहिल्यांदा असं लिहिलं होतं:

'पहाटेच्या प्रसन्न वातावरणात फुलबाजार रंगीबेरंगी फुलांनी बहरून जातो. झेंडू, गुलाब, शेवंतीच्या सुगंधाने मन मोहून जाते. विक्रेत्यांची लगबग आणि ग्राहकांची गर्दी यांमुळे येथे चैतन्य संचारते.'

हे पुण्याचं, इंदूरचं, कुठलंही होईल. तिसऱ्या फेरीनंतर त्यानेच पुन्हा लिहिलं:

'सव्वासहा. झेंडूचं पोतं उलटं केलं की आधी वाफ येते, मग फुलं. रात्रभर दाबलेली असतात. मुलगा दोन्ही हातांनी ती उसवतो, काळी पडलेली मागे टाकतो, तिथे एक गाय त्याचीच वाट बघत उभी आहे. माझ्यापुढच्या बाईंनी भाव विचारला. त्याने सांगितला, त्या म्हणाल्या, फार होतात. तो न बघता म्हणाला, "काले चौदस छे, बेन. काले तो पूछता ज नइ." त्यांनी पाव किलो घेतला, पिशवीच्या तळाशी ठेवला, वर दूध ठेवलं, मग परत काढून दूध खाली, फुलं वर.'

इथे चैतन्य हा शब्द नाही. गाय आहे, आणि पिशवी लावण्याची ती बाईंची पद्धत आहे. 'चौदस' म्हणजे अनंत चतुर्दशी हे त्याने समजावलं नाही तेही बरं झालं.

शेवट कुठे करायचा हे बहुतेकांना अडतं आणि मग 'काळ बदलला, पण पोळीचा आत्मा तोच' असलं काहीतरी येतं. तुम्ही जिथून उठलात तिथे थांबा. बस आली, चढलात, संपलं.

वाचून दाखवा

छापायला देण्याआधी लेख त्या जागेवर जाऊन मोठ्याने वाचायचा, तिथल्या निदान एका माणसाला. ही पायरी लोक टाळतात, लाज वाटते म्हणून. पण जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य पुस्तकी असतं, आणि ऐकणारा जिथे मान वर करतो तिथे काहीतरी चुकलेलं किंवा फार बरोबर असतं. कुणी 'हे काढ' म्हटलं तर वाद न घालता काढायचं.

आमच्या पोळीवरचा लेख मी काकीला वाचून दाखवला, दुपारी, तिच्याच ओटल्यावर. मेथी निवडत ऐकत होती. दरवाजाची कडी, पहिली स्कूटर, अबोला, सगळ्याला 'हं' म्हणाली. 'हा ओटला दोघी आळीपाळीने धुतात' हे वाक्य आलं तेव्हा हात थांबला.

'आळीपाळीने कुठलं? तीस वर्षं मीच धुते.'

'अगं, तूच सांगितलंस.'

'तेव्हा ती समोर बसली होती ने.' तिने समोरच्या कुलूप लावलेल्या दाराकडे बघितलं. 'आता ती मुलाकडे गेली राहायला, वासण्याला. लिही आता.'